माहेरच्या नावाचा कागद

हुबळीत बायकांच्या एका दवाखान्यात मी बावीस वर्षे कागद सांभाळले. हुशारीवर मिळालेली नोकरी नव्हती ती. मराठी शाळेत चार इयत्ता झाल्या होत्या, कानडी अक्षरे शेजारणीकडून शिकले होते, आणि नवरा वारल्यावर भावाच्या घरी भाकऱ्या थापण्यापलीकडे काम नव्हते. दवाखान्याला एवढे पुरले.

खोली एकच होती. एका भिंतीला डॉक्टरांची इंग्रजी पुस्तके होती. त्यांना वाळवी लागायची, म्हणून महिन्यातून एकदा ती उन्हात घालायची. दुसऱ्या भिंतीला बायकांचे कागद होते. कोण आली, काय झाले, काय दिले, सगळे त्यात लिहिलेले. महिना संपला की त्या महिन्याचा गठ्ठा बांधून फळीवर टाकायचा. तीच बाई पुन्हा आली तर तिचा जुना कागद काढायला कुणी जात नसे, कारण तो सापडतच नसे.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी तीन-चार वर्षे पुण्याहून नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात गठ्ठे सोडायला लावले.

"अक्का, सापडत नाही तर लिहून ठेवता कशाला?"

"पहिल्यापासून असंच चालत आलंय, बाई."

"त्या पुस्तकांत जगातल्या सगळ्या बायांचं लिहिलेलं आहे. मला समोर पडलेल्या बाईचं पाहिजे."

सुताराकडून लाकडी खण करून घेतले. प्रत्येक बाईचे एक कार्ड, कार्डावर नाव आणि कागदाचा नंबर, आणि कार्डे क, ख, ग अशी लावायची. कागदातला मजकूर इंग्रजीत, तो मला वाचता येत नसे. वरचे नाव तेवढे बाळबोध लिपीत असे. गेल्या पाच वर्षांच्या कागदांची कार्डे मी लिहिली. आठ महिने लागले.

अडचण आली ती नावांची. नवऱ्याचे नाव विचारले की बाई पदरात तोंड लपवायची. एक म्हणाली, "उखाण्यात घेऊ काय? पोटात कळा यायलेत, यमक जुळंना झालंय." सगळ्या खाटा हसल्या. दुसरी म्हणाली, "एवढं लिहून घ्यायलाय, फौजदाराकडं धाडणार काय आम्हाला?" मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारून मी नवऱ्याचे नाव लिहायची. शेवटी ठरले, कार्ड बाईच्या स्वतःच्या नावाने लावायचे. तेवढे तरी ती सांगेल. डॉक्टरीणबाईंना ते पटले आणि मलाही.

त्यानंतर वर्षभराने एका सकाळी कलघटगीहून एक बाळंतीण मोटारीने आणली. वय वीस-एकवीस. घरी सुईणीने रात्रभर बघितले आणि हात टेकले. बरोबर सासू होती, मराठी दुकानदाराच्या घरातली. पोरीला बोलवत नव्हते, सासूच उत्तरे देत होती.

"पहिलं मूल कसं झालं?"

"सुखरूप. तीन वर्षांचा नातू आहे माझा. पहिलं तिच्या माहेरी झालं, हुबळीतच. ह्याच दवाखान्यात आणलं होतं म्हणे."

पोरगी एवढेच म्हणाली, "मला आठवत नाही. शुद्ध नव्हती मला."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "अक्का, हिचा कागद काढा. लगेच."

सासूने सांगितलेले नाव घेऊन मी खणाकडे गेले. ते अक्षर संपूर्ण बघितले. चुकून दुसरीकडे गेले असेल म्हणून शेजारची अक्षरे बघितली. आडनावाने बघितले. अर्ध्या तासाने परत गेले आणि म्हणाले, "कागद नाही. दुसऱ्या दवाखान्यात झालं असेल."

त्यांनी मान हलवली. दुपारी मुलगी झाली, चांगली रडली. पलीकडच्या खोलीत एक बाई अडली होती, डॉक्टरीणबाई तिकडे गेल्या. थोड्या वेळाने नर्स दारातून कानडीत ओरडली, "लगू बर्री, लवकर या, बाई!" त्या धावत आल्या. चार वाजायच्या आत पोरगी गेली. खाटेखाली दोन घमेली रक्त होते.

बाळाला दूध नव्हते म्हणून ते दवाखान्यातच राहिले. तिसऱ्या दिवशी पोरीची आई त्याला न्यायला आली. व्हरांड्यात बाळ मांडीवर घेतले आणि मोठ्याने रडायला लागली. रडताना लेकीला हाक मारत होती. ते नाव वेगळे होते.

मी खोलीत गेले. ज्या अक्षराला हात लावला नव्हता तो खण ओढला. कार्ड वरच होते, माझ्याच अक्षरातले. लग्नात आमच्यात बाईचे नाव बदलतात, आणि पहिले बाळंतपण माहेरी होते. तिथे बाप नाव सांगतो, तो माहेरचेच सांगणार. हे मला कुणी शिकवायला हवे होते असे नाही. माझेही नाव लग्नात बदलले होते.

कागद डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. खालच्या ओळींवर लाल रेघ होती. त्यांनी वाचून सांगितले. वार अडकली होती, हाताने काढावी लागली, रक्त फार गेले, पुढच्या खेपेला जपावे.

"हे मिळालं असतं तर वाचली असती?" मी विचारले.

"कुणास ठाऊक. पण मी तिला सोडून पलीकडं गेले नसते." मग म्हणाल्या, "तिच्या आईला आता सांगून काय होणार?"

मला ते पटले नाही. मी बाहेर गेले आणि सांगितले. कागद होता, मी दुसऱ्या नावाने शोधला, म्हणून मिळाला नाही.

आईने बाळाच्या अंगावरचे फडके नीट केले. मला वाटले शिव्या देईल.

"आम्ही सासरच्यांना काही बोललो नव्हतो," ती म्हणाली. "पोरीत खोट आहे म्हणतील, टाकून देतील म्हणून. म्हटलं, दवाखान्यात लिहिलेलं आहे की. ते बघतील."

टांगा आला, ती बाळाला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवसापासून कार्डावर माहेरच्या नावाची ओळ आली. काही सासवांना ते रुचत नसे. "ते नाव मेलं आता, कशाला उकरताय?" असे म्हणायच्या. मी ऐकून घेत असे आणि नाव घेतल्याशिवाय खाटेपासून हलत नसे.