गैरहजरांची शून्यं

बी.टी. ही शिक्षकीची पदवी घेऊन मी महाडच्या शाळेत रुजू झालो आणि वर्षभरातच पस्तावलो. आमच्या मुख्याध्यापकांनी कुठल्याशा शिबिरात ‘प्रमाण विचलन’ ऐकलं होतं. मुलांचे गुण सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलेत, ते सांगणारा हा आकडा. सरांनी ठरवलं, सहामाहीच्या सरासरीतून हे विचलन वजा करायचं आणि त्या रेषेखाली जो असेल त्याचा एस.एस.सी.चा फॉर्म भरायचा नाही. म्हणजे शाळेचा निकाल सुधारला. आकडेमोड अर्थात माझ्या गळ्यात.

चाळीस मुलांचे फरक, त्यांचे वर्ग, बेरजा, वर्गमूळ, सगळं हाताने. एवढं करून पाहतो तर सरांनी गैरहजर मुलांना शून्य देऊन ठेवलेलं. सहामाहीत भातकापणी चालू, पोलादपूरकडची सहा मुलं शेतावर होती.

“जो बसलाच नाही त्याला शून्य कसं?” मी विचारलं.

“मग काय, शंभर देऊ?” सर म्हणाले.

तीन दिवस हेच. माझं डोकं उठलं. चौथ्या दिवशी तेच कंटाळले. “काढा ती शून्यं. शिकून आलात ना तुम्ही.” त्या सहा जणांची वेगळी परीक्षा ठरली आणि मी जिंकल्याच्या आनंदात पुन्हा आकडेमोडीला बसलो.

शून्यं गेल्यावर सरासरी चढली, गुणांचा पसारा आटला, आणि एकोणिसावर असलेली रेषा तेहेतिसावर गेली. एकतीस गुणांची एक मुलगी त्या रेषेखाली आली. तिने सगळे पेपर दिले होते.

फॉर्म न भरायच्या मुलांची यादी लागली, तिच्यात तिचं नाव पाहून मी तसाच सरांकडे गेलो. म्हटलं, ही रेषाच नको.

“आता कसं? तुम्हीच तर पटवून दिलंत. यादी लागली.”

मला त्यांचा संताप आला आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. मुलगी मागे उभी.

“गुरुजी, कापनीला हिला घेतली नाय मी, पेपर हायेत म्हनून. ता गनित तुमी केलंत ना? कुठं चुकलं तं नाय?”

तेव्हा खोटं बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

“मंग काय बोलायचं नाय,” ते म्हणाले आणि मुलीकडे वळले. “चल गो.”