माझ्याच परण्यातला बेंजो

गंगाखेडच्या आमच्या बेंजो पार्टीत बढतीचा रस्ता ठरलेला होता. आधी झुनझुना हलवायचा, मग ताशा, आणि दहा-बारा लग्नसराया उन्हात काढल्या की बेंजो. मला तो आठव्याच लग्नसराईला मिळाला, कारण आधीचा वाजवणारा पोलिसात लागला. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असतात. ती डाव्या हाताने दाबायची आणि उजव्या हाताने तुटक्या कंगव्याचा तुकडा तारांवर फिरवायचा. लोक घामाघूम होऊन नाचायचे आणि मला मास्तर म्हणायचे. मला वाटायचं, आता आपलं बस्तान बसलं.

ते बसलं नव्हतं, हे माझ्या लग्नाचं बघायला लागल्यावर कळलं. आम्ही शेतकरी घरातले. आमच्यात बेंजो प्रत्येकाला दारात हवा होता, बेंजोवाला जावई कुणालाच नको होता. दोन ठिकाणी नुसते पोहे खाऊन आलो. तिसरी मुलगी राणीसावरगावच्या बाजूची. ती मला फार आवडली. तिच्या वडिलांनी कामधंदा विचारला, तेव्हा माझ्या मामांनी परस्पर सांगून टाकलं, "पोरगं साखर कारखान्यात हाय." मी पोह्यातली मिरची बाजूला काढत राहिलो. आमच्या भागातल्या विद्यापीठाचं नाव बदलायचा वाद तेव्हा वर्षानुवर्षं चालला होता. माझ्या धंद्याचं नाव एका कप चहात बदललं.

लग्न जमलं, आणि त्यात आमच्याच पार्टीने हौसेने वाजवायचं ठरवलं. ओळख दाखवायची नाही, असं मी सगळ्यांना बजावलं. माझ्या जागी ताशावाला बेंजोवर बसला. लग्न लागण्याआधी नवरदेवाला घोड्यावरून मारुतीला नेतात, तो परण्या. त्यात नवरदेवाचं काम एकच, शहाण्यासारखं बसून राहणं. ताशावाला पहिल्याच गाण्यात घसरला. मी दात आवळून धरले. तिसऱ्या गाण्याला एक तार इतकी उतरली की मला राहवेना. मी घोड्यावरून उतरलो, त्याला सरकवलं, तार पिळली आणि वाजवायला लागलो. मुंडावळ्या तारांत अडकायला लागल्या, त्या कानामागे टाकल्या. सगळं वऱ्हाड नाचायला लागलं. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. मान वर केली तर समोर मुलीचे वडील उभे होते.

त्यांनी मला देवळामागे नेलं.

"तुमच्या मामानं कारखान्यात हाय म्हणून सांगितलं होतं. हा हात हौसेचा न्हाई. तुमी धंद्यानं वाजवायलाव."

मी कानामागच्या मुंडावळ्या पुढे घेतल्या.

"अक्षता पडाव्या वाटत असतील तर त्या पेटीला परत हात लावायचा न्हाई. मारुतीची आन घेऊन सांगा."

मी सांगितलं. मुलगी हवी होती, हे खरं. पण होय म्हणायला मला एक क्षणही लागला नाही, याची आजही लाज वाटते.

सासऱ्यांनी पुढे ओळखी लावून मला खरोखरच कारखान्यात, ऊस तोलायच्या काट्यावर चिकटवलं. म्हणजे मामा खोटं बोलले नव्हते, जरा लवकर बोलले होते इतकंच.

काही वर्षांनी मेव्हणीचं लग्न निघालं. मी थोरला जावई, फेटा बांधून सासऱ्यांच्या शेजारी सतरंजीवर बसलेला. मांडवाबाहेर आमचीच जुनी पार्टी होती आणि बेंजोवर तोच ताशावाला. आता त्याला मास्तर म्हणत होते. तार अजून उतरलेलीच होती. माझी बोटं आपोआप मांडीवर बटणं दाबायला लागली. सासऱ्यांनी ते पाहिलं. जरा वेळाने ते माझ्या कानाशी वाकले.

"ह्याला काय येईना, जावईबापू. तुमचा हात लय गोड होता."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी हात उपरण्याखाली घेतला आणि दुसऱ्या हाताने पानाचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं.