टेलरताईंचा उजवा डोळा

टेलरताई माप घ्यायला टेप वापरत नसत. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्याला, मी पहिल्या मजल्यावर. मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढायला लागले की त्या मशीनवरूनच नुसत्या बघायच्या आणि म्हणायच्या, "वहिनी, दंड अर्धा इंच वाढला हो." घरी जाऊन मी गुपचूप टेप लावायची. अर्धा इंचच भरायचा. आता सांगायला हरकत नाही, मला त्यांचा फार हेवा वाटायचा. शिवण मीही शिकले होते, पुस्तकात बघून, एकटीने. पण बायका माझ्याकडे साडीला फॉल लावायला यायच्या आणि ब्लाऊज द्यायला खाली जायच्या.

डावा डोळा त्यांनी स्वतःच घालवला. मोतीबिंदू असेल, पिकला की काढू, म्हणत वर्षभर थांबल्या. तो मोतीबिंदू नव्हताच. मग उजव्यालाही दाराची चौकट वाकडी दिसायला लागली तेव्हा घाबरल्या. "नुसती चौकट असती तर सुताराला बोलावलं असतं," म्हणाल्या, "पण बाहीची शिवणसुद्धा वाकडी दिसतेय, आणि ती मी घातलीय." मलाही हल्ली वाचताना अक्षरं मध्येच पुसट व्हायची, म्हणून मीही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले.

आजार दोघींना एकच निघाला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग वयाने झिजलेला. फक्त त्यांचा ओला आणि माझा सुका, बोंबलासारखा. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. आपल्या शरीरात एक घटक असतो, तो नव्या रक्तवाहिन्या उगवायला सांगतो. जखम भरताना तो कामाचा. पण डोळ्याच्या मागे तो नको तेवढा वाढला की नको तिथे वाहिन्या फुटतात, त्या असतात कच्च्या, त्यातून पाणी आणि रक्त झिरपतं.

"म्हणजे घाईत मारलेली कच्ची टीप," टेलरताई म्हणाल्या.

"तसंच समजा. इंजेक्शनने तो घटक दबतो. पण शरीर तो परत बनवत राहतं, म्हणून बरं वाटलं तरी महिन्याच्या महिन्याला यायचं."

"आणि मला?" मी विचारलं.

"तुम्हाला हे इंजेक्शन नाही, आजी. हिरव्या भाज्या खा आणि तपासायला येत जा."

डोळ्यात सुई टोचून घेणाऱ्या बाईचा कुणाला हेवा वाटेल? मला वाटला. पट्टी बांधून त्या घरी आल्या की अख्खी बिल्डिंग खाली. पालघरहून मुलगी यायची, कुणी पेज आणायचं, कुणी शिरा. मीही केळफुलाची भाजी दिली. मीठ जरा जास्तच पडलं, किंवा पडू दिलं. आणि तिसऱ्या इंजेक्शननंतर त्यांची चौकट सरळ झाली. मी इकडे रोज पालक खात होते आणि माझा डाग होता तिथेच होता.

गणपती जवळ आले. त्यांच्या टेबलावर ब्लाऊजांचा ढीग, त्यात माझेही दोन. त्यांच्या इंजेक्शनची तारीख त्याच आठवड्यात पडली. "वहिनी, आता सगळं स्वच्छ दिसतंय. गणपती झाल्यावर गेले तर चालेल ना?"

त्यांना दुसरा डोळा नाही, हे मला ठाऊक होतं. बरं वाटलं तरी जायचं, हेही मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी म्हणाले, "दिसतंय ना? मग कशाला उगाच टोचून घेताय?" ब्लाऊजसाठी नाही म्हणाले. त्यांच्याकडे औषध होतं आणि माझ्याकडे नव्हतं, तेवढ्यासाठी म्हणाले.

गणपती झाले, मग नवरात्राची घाई आली. एका सकाळी जिन्यात मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "कोण आहे?"

रक्त पसरलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मधला डाग आता जाणार नाही, इंजेक्शनं देऊन कडेचं उरलंय तेवढं राखू.

परत येताना रिक्षात मी सांगून टाकलं. "ताई, मी ते मुद्दाम म्हटलं होतं."

त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. भाजी खाल्ली तेव्हाच कळलं होतं, तुमच्या पोटात काय आहे ते."

"मग माझं ऐकलंत कशाला?"

"सुईची भीती वाटायची हो. कुणीतरी नको जाऊ म्हणावं, एवढीच वाट बघत होते. तुम्ही म्हणालात."

त्यांची मशीन आता मुलीकडे गेली. मला डॉक्टरीणबाईंनी चौकड्यांचा एक कागद दिलाय, सुक्याचा कधी ओला होईल सांगता येत नाही म्हणून; रेघा वाकड्या दिसल्या की लगेच यायचं. रोज सकाळी आठला खालून फोन येतो.

"वहिनी, रेघा?"

"सरळ आहेत."

"एकेक डोळा झाकून बघितलंत का? दोन्ही उघडे ठेवून मला फसवू नका."

त्यांच्या जागी मी असते तर अशा बाईचं तोंड पाहिलं नसतं. त्या मात्र एक दिवस चुकवत नाहीत, आणि ते त्यांना जड जातंय असंही वाटत नाही. एवढं मन कुठून आणतात, याचा मला रोज सकाळी हेवा वाटतो. "थांबा, बघते," म्हणते, आणि दुसरा डोळा झाकते.