घाटातलं टोचन

ट्रॅक्टर गॅरेजसमोर थांबला. त्याच्यामागे दोराला बांधलेली एक जुनी चंदेरी गाडी होती. डिकीवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलेलं वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. दोर पुढच्या हुकाला, चारी चाकं रस्त्यावर, इंजिन बंद.

“कुठून आणली अशी?” मी विचारलं.

“घाटातनं,” ट्रॅक्टरवरून उतरत तो माणूस म्हणाला. “इंजन नुसतं रेस व्हतंय, गाडी पुढं सरकंना. पर लोकं लई चांगली बगा. जो तो थांबून इचारायला लागला. म्या ट्रॅक्टर घेऊन येस्तवर कुणीतरी दोर बी बांधून ठिवलता.”

दोर बांधून गाडी ओढत नेणं, याला आम्ही टोचन म्हणतो. आमच्या भागात टोचन ही माणुसकीची गोष्ट आहे. रस्त्यात कुणाची जीप बंद पडली की मागून येणारा न विचारता सीटखालून दोर काढतो. यात वाईट काहीच नाही. फक्त ऑटोमॅटिक गाडीला ही माणुसकी सोसत नाही.

गाडीतून शैलाताई उतरल्या. तुळजापुरात स्टँडमागे रक्त तपासायची त्यांची छोटी लॅब आहे. माझी शुगर तिथंच तपासतात, त्यामुळे ओळख होती. लहानपणी पोलिओ झाल्यानं त्यांच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार असतो. राहायला घाटाखाली, तामलवाडीला. ट्रॅक्टरवाले बाळासाहेब हे त्यांचे थोरले भाऊ.

साध्या गाडीत क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो. ऑटोमॅटिकमध्ये क्लचचं पेडलच नाही, सगळं काम उजवा पाय करतो. म्हणून ताईंनी पुण्याहून ही वापरलेली गाडी शोधून आणली होती. घाट चढून रोज स्वतः लॅबला येणारी ही बाई गावात सगळ्यांना माहीत झाली होती.

मी बाळासाहेबांना समजावून सांगायला लागलो. “मालक, या गाडीत क्लचचं काम तेल करतं. तेलाच्या दाबानं आतल्या प्लेटा एकमेकींना धरतात, तेव्हा चाक फिरतं. तो दाब देणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून गाडी ओढली की चाकं आतले गिअर फिरवतात, पण पंप बंद. तेल फिरत नाही. सगळं कोरडं घासतं.”

“मेस्त्री,” शैलाताई म्हणाल्या, “गाडी माझी आहे. इकडं बघून बोला.”

मी वळलो. त्यांचं बरोबर होतं. आमच्या धंद्यात गाडी कुणाचीही असो, बोलणं पुरुषाशी होतं.

इंजिन चालू करून गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी दाखवणारी पट्टी बाहेर काढली. हे तेल नवं असताना डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. इथं पट्टीच्या टोकाला जेमतेम लागलं होतं, तेही काळंकुट्ट. करपलेल्या फोडणीसारखा वास येत होता. ताईंनी पर्समधून पांढरा टिश्यू काढला आणि त्यावर एक थेंब घ्यायला लावला. थेंब पसरला. मधे काळा ठिपका, भोवती तपकिरी कडा.

“याच्यात जीव राहिला नाही,” त्या म्हणाल्या.

मी उमेदीच्या काळात पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये होतो. तिथले माझे जुने साहेब या गिअरबॉक्समधले दर्दी. त्यांना फोन लावला.

“तेल कधी बदललेलं?” त्यांनी विचारलं.

“कधीच नाही,” ताईंना विचारून मी सांगितलं. “विकणारा म्हणाला, याला तेल बदलायला लागतच नाही.”

“सगळे हेच सांगतात. मग आता तू हात लावू नको. जुन्या तेलात प्लेटांचा झिजलेला चुरा असतो. कधीकधी त्या चुऱ्याच्या जोरावरच प्लेटा धरत असतात. नवं तेल घालशील, चुरा धुऊन निघेल आणि गाडी जागची हलणार नाही. गिऱ्हाईक तुझ्या नावानं खडे फोडेल.”

“आणि नाही बदललं तर?”

“तरी जाणारच. पण तुझ्या हातून नाही.”

सल्ला खोटा नव्हता. असे गिअरबॉक्स गेलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. पण फोन ठेवल्यावर वाटलं, हा सल्ला मेस्त्रीला वाचवतो. गाडीला वाचवेल असं त्यात काही नाही.

स्पीकरवरचं बोलणं दोघांनीही ऐकलं होतं. बाळासाहेब लगेच म्हणाले, “इकून टाकू. कशाला जिवाला घोर? म्या सोडत जाईन की तुला. इतकी वर्सं सोडतच व्हतो.”

“सोडत होतास, दादा. पण इकडं पेशंट उपाशीपोटी दारात बसलेले आणि तिकडं तू म्हशीखाली बसलेला. मी अंगणात पर्स घेऊन तुझी वाट बघणार. तू काही चुकत नव्हतास. पण लॅब तुझ्या धारेवर चालत नाही.”

मग ताईंनी मला विचारलं, “तुमचं काय मत?”

“खात्री देत नाही. एक मार्ग आहे. मशीननं सगळं तेल एका झटक्यात धुऊन काढायचं नाही. गिअरबॉक्सच्या तळाचं पॅन सोडलं की निम्म्याहून कमी तेल निघतं, बाकीचं आतच राहतं. तेवढंच बदलायचं. काही दिवस गाडी चालवायची, मग पुन्हा तेवढंच. म्हणजे गिअरबॉक्सला एकदम धक्का बसत नाही. पण आधी पॅन उघडून बघू. आत लोखंडाचे तुकडे निघाले तर मीच म्हणेन, विका.”

“उघडा. रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी कुणालाच गेला म्हणत नाही.”

या गिअरबॉक्सला कुठलंही तेल चालत नाही. कंपनीनं सांगितलेल्या नंबरचंच लागतं. नाहीतर होत्याचं नव्हतं होतं. ते सोलापूरहून मागवलं. आल्यावर भाऊबहीण दोघंही हजर. मी गाडी वर घेतली आणि बोल्ट ढिला केला. निघालेलं तेल मापून ठेवलं, कारण जेवढं निघेल तेवढंच आधी भरायचं असतं. पण निघायला हवं त्यापेक्षा फारच कमी निघालं. दिवा धरून पाहिलं तर तेल थंड करणाऱ्या नळीचा जोड ओला होता. तिथून थेंब थेंब गळत होतं. गाडी घाटात का थांबली ते कळलं. चढावर तापलेलं, कमी झालेलं तेल दाब धरू शकलं नव्हतं.

मग पॅन खाली घेतलं. पॅनच्या तळाशी चुंबक असतं, आतलं झिजलेलं लोखंड ते धरून ठेवतं. माझं सगळं उत्तर त्या चुंबकावर होतं. लगदा मऊ असेल तर वयाची झीज. बोटाला कच लागली तर आतलं काहीतरी तुटलंय, खेळ खलास. ताई स्टुलावर बसून बघत होत्या. मी लगदा चिमटीत घेतला आणि चोळला.

“काय?” त्यांनी विचारलं.

“दाट आहे. नेहमीपेक्षा जास्त आहे. पण मऊ आहे.”

त्यांनी डोळे मिटले. बाळासाहेब मात्र पॅनकडेच बघत होते. “मेस्त्री, खरं सांगा. जास्त कशानं झाला? म्या वढली म्हणून?”

खोटं बोलणं सोपं होतं. “बंद पडली ती नळी गळाल्यानं,” मी म्हणालो. “पण यातलं काही ओढण्यानं झालेलं असणार.”

ते तसेच बाजूच्या जुन्या टायरवर बसले. “आन् म्या समद्यास्नी सांगत आलो, भनीची गाडी वढून आणली म्हणून.”

“दादा, तुझा दोष नाही,” शैलाताई म्हणाल्या. “मला माहीत होतं.”

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“गाडी घेतानाच मला विकणाऱ्यानं बजावलं होतं, ही ओढायची नाही. घाटात लोक दोर बांधत होते तेव्हा ते माझ्या ओठांवर होतं. पण इतकी माणसं ऊन सोसून माझ्यासाठी थांबलेली. कुणी पाणी देतंय, कुणी सावली धरतंय. लहानपणापासून मला सगळ्यांनी उचलून नेलंय. शाळेत, जत्रेत, बसमध्ये. मदत करणाऱ्याला नको म्हणायचं कसं, ते मला येतच नाही. म्हणून गप स्टेअरिंग धरून बसले.”

मला फार वाईट वाटलं. गाडीबद्दल नाही. एवढी हुशार बाई, लोकांच्या रक्तातले दोष शोधून काढणारी, आणि स्वतःच्या गाडीचा घात होताना केवळ संकोचापायी गप्प राहिली. बाळासाहेबांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो लगेच काढून घेतला. आपण हेही विचारायला हवं होतं का, अशा चेहऱ्यानं ते उभे राहिले.

नवी नळी बसवली, फिल्टर बदलला, चुंबक पुसून पॅन लावलं. निघालं तेवढं आधी भरलं. गळून गेलेलं नंतर इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर, पट्टी बघत थोडं थोडं घातलं. इंजिन बंद असताना पट्टी भरलेली दिसते आणि तेल पुरेसं आहे असा भास होतो, म्हणून ही काळजी.

“या, तुम्हीच बसा,” मी ताईंना म्हणालो. “ब्रेक धरा. आता ड्राइव्हमध्ये टाका. ब्रेक सोडा.”

त्यांनी टाकलं. काही झालं नाही. इंजिन चालू, गाडी ढिम्म. साहेबांचा आवाज माझ्या कानात घुमायला लागला. मग गाडीनं एक हिसका दिला आणि हळूच पुढं निघाली.

“सरकली की गं!” बाळासाहेब ओरडले आणि रस्त्यातली माझी बादली त्यांनीच लाथेनं उडवली.

मी ताईंना सांगून ठेवलं, “घाटात घाई करू नका. तापल्यासारखी वाटली की कडेला घ्या, पार्कमध्ये टाका, पण इंजिन चालूच ठेवा. तेल फिरत राहील, गार होईल. मग निघा.”

ठरल्याप्रमाणे काही आठवड्यांनी तेल पुन्हा बदललं. या वेळी तपकिरी निघालं, कडेला किंचित लाल झाक. रिव्हर्स टाकताना गाडी अजून विचार करायची. ते जाणार नव्हतं.

उन्हाळ्यातला एक मंगळवार. देवीच्या गर्दीमुळे गॅरेजमध्ये क्लच जळालेल्या गाड्यांची रांग होती. शैलाताईंचा फोन आला. मागं माणसांचा गलका.

“मेस्त्री, घाटात आहे. गाडी तापली म्हणून तुम्ही सांगितलं तशी थांबवलीय. इंजिन चालू आहे. पण इथं लोक जमलेत, हुकाला दोर बांधायला लागलेत. मी फोन देते, तुम्ही सांगता का त्यांना?”

मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. मेस्त्रीचं सगळे ऐकतात. पण मी म्हणालो, “ताई, फोन कुणाला देऊ नका. तुम्हीच सांगा.”

मग त्यांचा आवाज आला, बारीक, “भाऊ, नको.” गलका चालूच राहिला. कुणीतरी म्हणालं, “तुमी निवांत बसा ताई, आमी हाव की.”

“दोर काढा!” आता त्या ओरडल्या. “गाडी बिघडली नाही, दम खातेय. आधी दोर काढा.”

“आवो, आमी तुमच्या चांगल्यासाठीच करतोय.”

“माहितीये. म्हणूनच मागच्या वेळी गप्प बसले. काढा.”

गलका एकदम थांबला. फोनवर फक्त इंजिनचा आवाज येत राहिला.

“काढला,” ताई मला म्हणाल्या. “रागावून गेले सगळे.”

“जाऊ द्या,” मी म्हणालो.

त्या दिवशी लॅब उशिरा उघडली, पण उघडली. गाडी अजून रोज घाट चढते. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तेल बदलत चला, आणि बंद पडली तर इंजिनानं फिरणारी चाकं उचलून न्यायला सांगा. तेल बदलल्यानं शैलाताईंची गाडी वाचली का, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. पण दुसऱ्यांदा तो दोर राहिला असता तर ती वाचली नसती, हे मात्र लिहून देतो.