कडीनं सोडलेला बॉल

माझ्या थोरल्या भावाला मैदानावर कुणी नावानं ओळखत नव्हतं. तो ‘कडी’. आतून एकदा लागली की बाहेरच्यानं कितीही ढकलू दे, दार हलत नाही, म्हणून. नऊ वर्षं तो आपल्या क्लबकडून बॅकला खेळला. त्या नऊ वर्षांत त्याचा फोटो पेपरात एकदाच आला, तोही अर्धा. फोटो गोल मारणाऱ्याचा होता, दादाचा नुसता खांदा आणि एक कान.

त्याच क्लबचे गोलकीपर म्हणजे माझे यजमान. ‘हे’. दोघांची दोस्ती आधीची, आमचं स्थळ दादानंच आणलं.

जुने प्रेक्षक अजून दादाची आठवण काढतात. त्यांच्यात पुढाकार घेणारे निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांच्या मनात आलं की दादाच्या आठवणींचं एक छोटं पुस्तक छापावं. माझं अक्षर बरं आहे आणि रोज वही लिहायची सवय आहे, म्हणून सगळं पक्कं लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं.

“वहिनी, इतकी वर्षं देव आणि भाजीपाला लिहिलात,” पोस्टमन म्हणाले, “आता जरा फुटबॉल लिहा.”

रविवारी सकाळी दादाच्या सत्काराला आणि आठवणी सांगायला वाचनालयाच्या वरच्या खोलीत सगळे जमले. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. तिथल्या खुर्च्यांच्या गाद्या दादानंच शिवलेल्या आहेत. सत्कार त्याचा, आणि हा बसण्याआधी खुर्चीची शिवण चाचपून बघत होता.

न्हावी आधी बोलले. “एकदा समोरच्या टीमचा स्ट्रायकर सोमवारी माझ्याकडे केस कापायला आला. म्हणाला, तुमच्या कडीनं मला पाडलं नाही, ढकललं नाही. मी जिथे जाईन तिथे हा आधीच जाऊन उभा. असला अपमान नको बाबा.”

एक नर्सबाई मैदानावर मलमपट्टीला असायच्या. त्या म्हणाल्या, “याच्या गुडघ्याला किती पट्ट्या बांधल्या, गणती नाही. यानं अडवलेल्या माणसाला एकदाही बांधावी लागली नाही.”

मी भराभर लिहीत होते. मग कुणीतरी म्हणालंच, “फक्त ती एक मॅच सोडली तर.”

ती मॅच म्हणजे फायनल. शेवटची काही मिनिटं राहिलेली, आणि एक साधा, संथ बॉल आपल्या गोलकडे आला. दादानं मारायला पाय उचलला आणि मागे घेतला. बॉल त्याच्या शेजारून सावकाश गोलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘कडी निखळली’. क्लबनं दादाला काढलं. क्लबमुळे गोदामात नोकरी लागली होती, तीही गेली. मग तो सोफ्याचं काम शिकला.

बाबा त्या दिवशी मैदानात होते. ते परत तिथे गेले नाहीत. त्यानंतर चार वर्षं जगले आणि दादाशी कामापुरतं बोलले. किल्ली कुठे आहे, औषध आणलंस का, एवढंच. माझं लग्न त्या मॅचनंतर महिन्याभरानं होतं. मीही लग्नघरात सगळ्यांसमोर त्याला म्हटलं, “एक लाथ मारायला काय झालं होतं रे तुला?” सगळे हसले. दादाही हसला.

तेव्हापासून बत्तीस वर्षं सकाळी देवापुढे बसले की माझं एक मागणं ठरलेलं. देवा, दादाची ती चूक पोटात घाल. मी मोठ्यानं म्हणते, लहानपणापासूनची सवय. हे तिथेच चहा पीत बसलेले असतात.

तर कुणीतरी ‘ती एक मॅच’ म्हणाल्यावर पंपवाले काका उठले. ते मैदानावर बॉलमध्ये हवा भरायचे. आता ऐंशीच्या पुढे आहेत, काठी टेकत उभे राहिले.

“त्या मॅचचंच तर मला सांगायचंय,” काका म्हणाले. “मी गोलच्या मागेच होतो, पंप घेऊन. अशी शिस्त मी दुसऱ्या कुणात बघितली नाही. कीपर ओरडला, सोड. यानं उचललेला पाय मागे घेतला. दुसरा कुणी असता तर घाबरून मारलाच असता. कीपरचा शब्द शेवटचा, कारण त्याला सगळं मैदान दिसतं. मग कीपर दोन पावलं पुढे आला आणि का कोण जाणे, थबकला. ते होतंच हो खेळात. पण यानं शब्द पाळला.”

काका कौतुक करत होते. आपण काही नवीन सांगतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“काका, काहीतरीच,” मागून कुणीतरी म्हणालं.

“बत्तीस वर्षं झाली,” हे म्हणाले. “कुणाला काय आठवणार आता.”

दादा म्हणाला, “जाऊ दे काका. गेलं ते.”

दोघांपैकी एकानंही ‘खोटं आहे’ म्हटलं नाही. या दोघांना ताटात काय नको हेही मी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखते. माझा हात वहीवर तसाच राहिला.

घरी आल्यावर मी विचारलं, “अहो, तुम्ही ओरडला होतात?”

यांनी बूट काढले, जागेवर ठेवले, परत सरळ केले. “ओरडलो होतो. मला वाटलं पोचेन. मग वाटलं नाही पोचणार.”

“आणि नंतर?”

“नंतर सगळे त्यालाच बोलायला लागले. मी सांगणार होतो. तुझ्या दादानंच हात धरला. म्हणाला, तुला काढलं तर माझी बहीण काय खाणार. एक जण तरी राहू दे.”

“आणि तुम्ही राहिलात.”

हे आत जाऊन पाय धुवायला लागले. क्लबमध्ये आठ वर्षं कीपर आणि पुढे एकोणीस वर्षं कोच, असे राहिले. आमचं घर त्यावर चाललं. नव्या पोरांना हे पहिल्या दिवशी शिकवायचे, कीपरनं हाक दिली की बॉल त्याचा, जबाबदारीही त्याची. मी ते कौतुकानं वहीत उतरवलंय. बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला हे दादाच्या शेजारीच होते.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या दुकानात गेले. तो एका आरामखुर्चीला रेक्झिन ताणून बसवत होता. ओठांत बारीक खिळ्यांची रांग. एकेक काढायचा, ठोकायचा. मी विचारत राहिले आणि तो ठोकत राहिला. शेवटी खिळे संपले.

“तुझं बघत होतो मी,” तो म्हणाला. “महिन्यावर लग्न. मुलगा चांगला, नोकरी क्लबची.”

“मला विचारलंस?”

“तुला काय विचारायचं? तू रडली असतीस.”

“बाबांना तरी सांगायचंस दादा. चार वर्षं होतास त्यांच्याजवळ.”

त्याचा हात खिळ्यांच्या डबीकडे गेला आणि तिथेच थांबला. “बाबांनी जावयाला उभं केलं नसतं दारात,” तो म्हणाला. “हे बघ, ते पान लिहू नकोस. सुखात आहेस ना? मग झालं.”

सुखात होतेच मी. ते सुख कोणाच्या खिशातून आलं हे दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलं, आणि वर माझंच नाव पुढे केलं. ज्याची चूक नव्हती त्याच्यासाठी मी बत्तीस वर्षं माफी मागितली आणि ज्याची होती तो कपात साखर ढवळत ऐकत राहिला. मंगळवारी देवापुढे बसले, नेहमीचं मागणं ओठावर आलं आणि मी ते गिळलं. दुसरं काही सुचलं नाही. तशीच उठले.

बुधवारी पोस्टमन कागद न्यायला येणार होते. सकाळी हे माझ्यासमोर बसले. आवाज मऊ, मैदानावर पोरांशी असायचा तसा.

“पंपवाल्या काकांचं तेवढं सोड. वय झालंय त्यांचं. दादाचीही तीच इच्छा आहे. दोघं सांगतोय तुला.”

मी टेबलापाशी बसून लिहून काढलं. न्हावी, नर्सबाई, सगळं. पंपवाल्या काकांचं मी त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि पहिल्या पानावर घेतलं. शेवटच्या पानावर माझी स्वतःची आठवण लिहिली, लग्नघरात मी दादाला काय म्हटलं होतं ती. बाबांना आता काही वाचून दाखवता येणार नाही. निदान त्यांच्यासोबत बसून ओरडणारे, पुढे दादाला नावं ठेवणारे अजून गावात आहेत, ते तरी वाचतील.

पोस्टमन आले तेव्हा मी आत पाणी आणायला गेले होते. बाहेर आले तर कागद यांच्या हातात. पहिलं पान वाचून झालं होतं. यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेच पान पुन्हा वाचलं. पोस्टमन आमच्या दोघांकडे बघत उभे होते.

“सोड म्हटलं होतं मी,” हे म्हणाले.

“ऐकलं होतं,” मी म्हटलं, आणि कागद त्यांच्या हातातून घेऊन पोस्टमनना दिले.