सहीची जागा

डिझेल आणि सुक्या मासळीचा वास एकत्र आला की मला माझं पहिलं गिऱ्हाईक आठवतं. नोकरी सोडून मी नुकतीच घरोघर हिशेब लिहायला लागले होते. आचऱ्याच्या त्या बाईंनी नव्या वहीला लावावं तसं माझ्या लॅपटॉपला हळदकुंकू लावलं. "बोटीचे मालक म्हणून कोणाचं नाव घालू?" मी विचारलं. "ह्येंचाच घाल गो. बोट इली काय सही करतीत." अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी समुद्राकडे बघत ओट्यावर बसलो. निघताना कुंपणापाशी शेजारीण हळूच म्हणाली, "बोट खंय येतली गो? वादळात गेली ती गेलीच." तेव्हापासून दरवर्षी बाईंचा फोन येतो, "आज येतीत, तू ये." आजही आला. मी कागद छापले आणि सहीसाठी एक जास्तीचं पेन पर्समध्ये टाकलं.