बेचाळीस नंबरची ओळ

उदगीरच्या बाजूला एका भुईमूग संशोधन केंद्रावर मी क्षेत्र सहायक म्हणून रुजू झालो, त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास सरजाबाई वाफ्यात पोतं अंथरून बसल्या होत्या. डाव्या हाताच्या दोन बोटांत एक पिवळी कळी, उजव्या हातात चिमटा. पाकळ्या बाजूला सारून आतले पुंकेसर त्या एकेक करून काढत होत्या.

"एक बी केसर ऱ्हायला आत तर हे फूल आपलं आपणच फळतंय, साहेब," त्या मान वर न करता म्हणाल्या. "मग दुसऱ्या झाडाचा गुण कसा यावा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्या आल्या. दुसऱ्या जातीचं फूल तोडून त्याचे परागकण कालच्या फुलाला लावले आणि देठाला लाल दोरा बांधला. हेच काम त्या एकोणीस वर्षं रोजंदारीवर करत होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, उंच, जरा वाकलेल्या. "जय भीम, साहेब" म्हणून एकदा कामाला बसल्या की दुपारच्या भाकरीपर्यंत उठायच्या नाहीत.

आमचे शास्त्रज्ञ रुद्रेश सर बिदरकडचे. आपल्या भागातल्या भुईमुगाला शेंगा चांगल्या, पण भाद्रपद आला की टिक्का आणि तांबेरा या बुरशीच्या रोगांनी पानं झडून नुसत्या काड्या उरत. दुसरीकडे रानटी रक्ताचं एक झाड होतं. त्याचं टरफल जाड, दाणा बारीक, पण बुरशी त्याच्या पानाला धरत नव्हती. तो गुण आपल्या झाडात उतरवायचा, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो का ते पाहायचं, एवढंच सरांचं काम. त्यासाठी दर दोन ओळींमध्ये आम्ही मुद्दाम रोगाला लवकर बळी पडणारी जात लावायचो, रोगट पानं पाण्यात कालवून संध्याकाळी फवारायचो. त्यातून जे तगेल त्याचंच बी पुढं.

सहाव्या पिढीला, सप्टेंबरात, सरजाबाईंनी मला हाक मारली. आजूबाजूला सगळं करपलेलं होतं आणि बेचाळीस नंबरची ओळ हिरवीगार उभी होती. सर गुडघ्यावर बसले, पानं उलटीपालटी करून पाहिली, एक झाड उपटून शेंगा मोजल्या. मग नोंदवही मागवली. मूळ संकराच्या नोंदीपुढं 'स' असं अक्षर होतं.

"सरजाबाई, ही तुमच्या हातची आहे."

त्या हसल्या नाहीत. "माझा बाप असता तर दाखवली असती," म्हणाल्या. त्यांच्या वडिलांनी टिक्क्याला कंटाळून भुईमूग सोडला होता. आता भाऊ दगडोबा त्याच दोन एकरांत सोयाबीन घेतो.

काढणीच्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "मूठभर देता का, साहेब? दगडोबाच्या बांधाला लावून बगते."

"नियमात बसत नाही, सरजाबाई. अजून चाचणी व्हायचीय."

"बरं," म्हणत त्यांनी पदरात पडलेल्या चार शेंगासुद्धा टोपलीत टाकल्या.

पुढच्या हंगामात जवळजवळ सगळं बी मोठ्या चाचणीला पेरलं. दोनेकशे ग्रॅम राखीव म्हणून शीतखोलीत होतं. त्या खोलीचं यंत्र एप्रिलातच बंद पडलं होतं. मी तीन पत्रं लिहिली. मेकॅनिक आला जुलैत.

आणि सप्टेंबरात पाऊस लागला. चार दिवस थांबला नाही. नाल्याचा बांध फुटून पाणी चाचणीच्या शेतात शिरलं. आम्ही चर खोदले, इंजिन लावलं. उपसावं तेवढं पाणी पुन्हा भरायचं. काळी जमीन सहा दिवस पाणी सोडत नव्हती.

सातव्या दिवशी आत पाय ठेवता आला. झाडं उभी होती, पानांवर रोग नव्हता. सरजाबाईंनी पहिलं झाड उपटलं. अर्ध्या शेंगा काळ्या पडून कुजलेल्या, उरलेल्यांना जमिनीतच कोंब फुटलेले. दुसरं तसंच. तिसरं तसंच. त्या पोटरीभर चिखलात ओळीच्या टोकापर्यंत गेल्या.

"वरून तर लई चांगली दिसायली हो," त्या म्हणाल्या. "कामून असं झालं?"

सर बांधावरच बसून राहिले. मला त्या मूठभर शेंगा आठवल्या. दगडोबाचं रान उंचावर आहे, तिथं पाणी थांबत नाही.

राखीव बियाणं बहुतेक किडून गेलं होतं; त्यातले धड दिसणारे शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवले. चार उगवले. दोन मेले. उरलेली दोन रोपं सरजाबाईंनी कुंडीत वाढवली. बेताचं पाणी, दिवसा उन्हात, थंडी पडली की वर पोतं. संक्रांतीच्या सुमारास त्या दोन झाडांचे अडतीस दाणे मिळाले. त्याआधीच नोव्हेंबरात सर निवृत्त झाले होते. जागा भरली नाही. जानेवारीअखेर कागदावर सरजाबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली आणि हजेरीपटावरून नाव कमी झालं. मी अर्ज केला, आणखी दोन महिने तरी ठेवा म्हणून. उत्तर आलं नाही. मार्चमध्ये माझी बदली नांदेडला झाली. दाण्यांचं पाकीट मी सही घेऊन भांडारात जमा केलं.

जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत सरजाबाईंचा फोन आला. त्या दगडोबाच्या रानात सोयाबीन पेरायला गेल्या होत्या.

"आपलं बी पेरलं का हो?"

"नवीन साहेब आले की पेरतील."

"ते आलेच न्हाईत अजून?"

"नाही."

"भुईमुगाचं बी लई दिस टिकत न्हाई, साहेब."

"मी विचारतो तिथं," मी म्हणालो. आधी दोनदा विचारून झालं होतं. भांडाराची किल्ली कुणाकडं आहे हेच कुणाला सांगता येत नव्हतं. ते त्यांना सांगवेना.

मग त्यांनी नांदेडला पाऊस कसा आहे, लेकरं शाळेत रुळली का, असं विचारलं, आणि पेरायची माणसं बोलवायलीत म्हणून फोन ठेवला.